रीमॅप केलेल्या ऑक्टेव्हियाचा गिअरबॉक्स टिकवायचा असेल तर

नाशिकच्या एका गाडीमालकांचा प्रश्न असा आहे. २०१७ ची स्कोडा ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय, ६८,००० किलोमीटर झालेली. वर्षभरापूर्वी स्टेज वन रीमॅप केला (म्हणजे पार्ट न बदलता फक्त इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललं), ट्यूनरच्या आकड्याप्रमाणे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवणारा जोर, ३२० न्यूटन-मीटरच्या आसपास गेला. आता डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) आणि इनटेक (हवा आत घेणारा भाग) बदलून स्टेज टू करायचा विचार आहे. मित्र म्हणतो, डीएसजी, म्हणजे गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, निकामी होणार. ट्यूनर म्हणतो, काही होत नाही, सगळं तुमच्या पायावर आहे. यातलं खरं काय? आणि जाता जाता एक ओळ: हल्ली ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरला गाडी जराशी थरथरते.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. या गिअरबॉक्सवर स्टेज टू करू नका. स्टेज वन ठेवता येईल, पण आत्ता आहे तसा नाही. मॅप, म्हणजे ते सॉफ्टवेअर, थोडा बदलून घ्या आणि चालवायची पद्धतही बदला. ती थरथर मात्र या सगळ्याच्या आधी तपासायची आहे. तुमचा मित्र आणि तुमचा ट्यूनर, दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पायावर बरंच काही असतं हे खरं, पण पायाने नेमकं काय करायचं हे कुणी समजावून सांगत नाही. "जरा सांभाळून चालवा" एवढ्यावर विषय संपतो. सांभाळून म्हणजे हळू असं लोक धरून चालतात, आणि हा गिअरबॉक्स तर हळू चालवतानाच जास्त झिजतो.

तुमच्या गाडीत सात गिअरचा डीक्यू२०० आहे, दोन ड्राय क्लचवाला. त्याची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. तुमच्या इंजिनाचा कंपनीतून आलेला टॉर्कही २५० च होता, १२५० पासून ५००० आरपीएमपर्यंत सपाट. हे मुद्दाम केलेलं आहे. त्याच काळात आपल्याकडे आलेल्या सुपर्बमध्ये हेच १.८ इंजिन दोन प्रकारे मिळायचं. मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर ३२० न्यूटन-मीटर, डीएसजीबरोबर २५०. पॉवर मात्र दोन्हींना १८० पीएस (पीएस म्हणजे ढोबळमानाने हॉर्सपॉवर). म्हणजे इंजिन ३२० आरामात देतं हे कंपनीला माहीत होतं आणि तिने ते फक्त या गिअरबॉक्सपायी खाली बांधून ठेवलं. स्टेज वनमध्ये तुमच्या ट्यूनरने तीच गाठ सोडली. म्हणून "इंजिनला काही होत नाही" हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. प्रश्न इंजिनाचा नाहीच.

आता असं विचाराल की मर्यादा ओलांडून वर्षभर झालं, मग अजून काही तुटलं कसं नाही? कारण मर्यादा म्हणजे तुटण्याचा आकडा नव्हे. एवढ्या भारावर हा बॉक्स त्याचं अपेक्षित आयुष्य काढेल, असा तो आकडा असतो. भार वाढला की आयुष्य कमी होतं, आणि ते सरळ प्रमाणात होत नाही. बॉल बेअरिंगचा हिशोब पक्का आहे: आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणात घटतं. २५० ऐवजी ३२० म्हणजे भार १.२८ पट, त्याचा घन साधारण २.१. म्हणजे पूर्ण टॉर्कवर चालताना बेअरिंगचं आयुष्य निम्म्याहून थोडं कमी. रोलर बेअरिंगला हा फटका आणखी जरा जास्त. गिअरच्या दातांचं गणित वेगळं आहे, पण कल तोच.

यातले "पूर्ण टॉर्कवर चालताना" हे शब्द नीट वाचा, कारण तुमच्या पायाचा संबंध तिथे येतो. नाशिक-मुंबई रस्त्यावर १०० च्या स्थिर वेगाने जाताना इंजिन ३२० च्या जवळपासही नसतं. गिअरबॉक्सला त्या वेळी तुम्ही रीमॅप केलाय की नाही हे कळतसुद्धा नाही. त्याला कळतं ते तुम्ही पाय दाबता तेव्हाच, आणि त्या क्षणी किती टॉर्क मागायचा हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं.

तो कसा मागायचा ते सांगतो. गिअरबॉक्सला पॉवर कळत नाही, टॉर्क कळतो. ट्रकला ओव्हरटेक करायला समजा तुम्हाला ९० पीएस लागणार आहेत. डी मोडवर बॉक्स वरच्या गिअरमध्ये बसलेला, इंजिन २००० आरपीएमवर. तिथे ९० पीएस काढायला ३१६ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तेच ४००० आरपीएमवर १५८ पुरतो. ओव्हरटेक तेवढाच झटपट होतो, पण एकदा मर्यादेच्या कितीतरी वर जाऊन आणि एकदा तिच्या खूप आत राहून. आरपीएम दुप्पट झाले म्हणून बेअरिंग दुप्पट फिरतं हे खरं, पण भार निम्मा झाल्याने ते आठपट फेरे झेलू शकतं, त्यामुळे हिशोब तरीही चौपट फायद्याचा राहतो.

हा फायदा सगळ्या भागांना सारखा मिळत नाही हेही सांगायला हवं. क्लच, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं, धक्के गिळणारं स्प्रिंगवालं चाक), इनपुट शाफ्ट, गिअरची जोडी यांच्यावरचा ताण उतरतो. फायनल ड्राइव्ह, डिफरन्शिअल आणि एक्सल यांना मात्र चाकाकडे जाणाऱ्या जोराशीच मतलब असतो, आणि तो दोन्ही वेळा सारखाच.

स्टॉक, म्हणजे रीमॅप न केलेल्या, गाडीत ही सवय नसली तरी चालून जातं, कारण २५० ची भिंत कॉम्प्युटरनेच घातलेली असते. रीमॅप केलेल्या गाडीत ती भिंत चालवणाऱ्याने स्वतः पाळायची असते. आणि नेमकं उलट घडतं. रीमॅपनंतर खालच्या आरपीएमला एवढा जोर येतो की माणूस गिअर उतरवायचं सोडूनच देतो. सहाव्यात १६०० आरपीएमवर अर्ध्यापेक्षा जास्त पाय दाबायचा, किकडाउन होणार नाही (म्हणजे बॉक्स आपणहून गिअर उतरवणार नाही) एवढाच, आणि गाडी कशी खेचून नेते याचा आनंद घ्यायचा. मजा येते, मला मान्य आहे. पण माझ्याकडे फ्लायव्हील खडखडत आलेल्या रीमॅप गाड्यांच्या मालकांशी बोललं की बहुतेकांची हीच सवय निघते. एवढ्या कमी आरपीएमला सिलिंडरचा प्रत्येक धक्का सुटा सुटा पोचतो आणि तो फ्लायव्हीलच्या स्प्रिंगांना गिळावा लागतो. जोर हवा असेल तेव्हा आधी स्टिअरिंगच्या डाव्या पॅडलने एक-दोन गिअर उतरवा किंवा एस (स्पोर्ट) मोडमध्ये टाका, काटा ३००० च्या पुढे जाऊ द्या, मग पाय दाबा. एवढं एक जरी केलंत तरी बरंच साधेल.

टॉर्कनंतर उष्णता. डीक्यू२०० मध्ये तिचाच वाटा मोठा आहे. वेट क्लचचा बॉक्स असला तर घासण्याने तयार झालेली उष्णता तेल वाहून नेतं. ड्राय क्लचला फक्त आजूबाजूची हवा, तीही इंजिनशेजारची गरम. क्लच पूर्ण धरलेला असो वा पूर्ण सुटलेला, उष्णता तयार होत नाही. ती तयार होते अर्धवट धरलेल्या अवस्थेत, मॅन्युअलवाले ज्याला हाफ क्लच म्हणतात त्यात. डीएसजीत क्लचचं पेडल नसल्यामुळे आपण हाफ क्लचवर आहोत हे चालवणाऱ्याला जाणवत नाही, एवढाच फरक.

कसारा घाटातला शनिवारचा ट्रॅफिक डोळ्यांसमोर आणा. चढ, पुढे कंटेनर, दर दहा सेकंदांनी दोन फूट सरकणं. इथे लोक दोन गोष्टी करतात. एक, ब्रेकऐवजी हलक्या रेसवर गाडी चढावर धरून ठेवतात. हे या क्लचसाठी सगळ्यात वाईट, कारण गाडीचं सगळं वजन घसरत्या क्लचवर तोललेलं असतं. दोन, ब्रेकवरचा पाय अर्धवट उचलून गाडी रांगत ठेवतात. ब्रेक पक्का दाबलेला असला की बॉक्स क्लच सोडून देतो. हलका ठेवला की तो रांगायच्या तयारीत क्लच अर्धा धरतो. म्हणून थांबायचं तर ब्रेक घट्ट दाबून थांबा. पुढच्या गाडीला जाऊ द्या, निदान एक-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडून नीट रेस देऊन पुढे जा, म्हणजे क्लच पटकन पूर्ण धरला जाईल. मागचा हॉर्न वाजवेल, मध्ये एखादी रिक्षा घुसेल. घुसू द्या. रांगेतच चालायचं असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्या गिअरवर ठेवा, बॉक्स उगाच पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत बसणार नाही. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत बोगद्यातून खुला झालाय. टोल जास्त पडेल, पण तुमच्या क्लचच्या दृष्टीने घाटातल्या जॅमपेक्षा तो रस्ता स्वस्त आहे.

सिग्नलला न्यूट्रल करावं का, यावर मतभेद आहेत. माझं मत असं की मिनिटभराच्या आतला थांबा असेल तर डीमध्येच ब्रेक घट्ट दाबून राहा, प्रत्येक सिग्नलला डी-एन-डी करण्यात काही हशील नाही. त्याहून मोठा थांबा असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. घाट उतरताना मात्र न्यूट्रल कधीच नाही. मॅन्युअल मोडवर खालचा गिअर घ्या आणि इंजिन ब्रेकिंग वापरा, गिअरबॉक्सला त्याचा त्रास नगण्य असतो आणि ब्रेक वाचतात.

तिसरी गोष्ट धक्का. टॉर्क हळूहळू चढवून ३२० ला नेणं आणि शून्यातून एकदम आदळणं यात, लोखंडावर वजन ठेवणं आणि हातोडा मारणं एवढा फरक आहे. लॉन्च, म्हणजे उभ्या गाडीला एकदम पूर्ण जोर देऊन सुटणं, हा त्यातला सगळ्यात उघड प्रकार. पहिल्या गिअरमध्ये टॉर्क साडेतीन पटीहून जास्त होऊन बाहेर पडतो, शिवाय क्लच तेवढा वेळ घसरत असतो, म्हणजे धक्का आणि उष्णता एकाच वेळी. पण माझ्या अनुभवात त्याहून घातक असतं ते चाक उड्या मारणं. पुढची चाकं पकड सोडतात, धरतात, पुन्हा सोडतात, आणि दर वेळी पकड परत आली की फिरणाऱ्या सगळ्या भागांचा वेग एका क्षणात अडतो. त्या क्षणी एक्सल आणि डिफरन्शिअलवर येणारा जोर इंजिनाच्या टॉर्कपेक्षा खूप मोठा असतो. पावसात, खडीवर, डिव्हायडरजवळच्या मातीवर पुढचा भाग धडधडायला लागला की त्याच क्षणी पाय पूर्ण उचला. जोर लावून त्यातून बाहेर पडायचा प्रयत्न करू नका. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला गाडी न्यायची फार हौस असेल तर या बॉक्सवर ती हौस महागात पडेल हे धरूनच जा. आणि रस्त्यावर लॉन्च करणं हा तर विचारसुद्धा नको, तिथे गिअरबॉक्सपेक्षा मोठ्या गोष्टी पणाला लागलेल्या असतात.

पार्किंगची एक छोटी सवय. ब्रेक दाबून थांबा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग पीमध्ये टाका. थेट पीमध्ये टाकलं की उतारावर सगळं वजन आतल्या छोट्याशा खिट्टीवर येतं, आणि निघताना जो "खट्ट" आवाज होतो तो तिचाच.

आता मॅप. ट्यूनरला जाऊन सांगा की मला टॉर्क कमी करून हवाय आणि पॉवर वरच्या बाजूला. तो चक्रावेल, पण हे शक्य आहे. मूळ गाडीत २५० न्यूटन-मीटर ५००० आरपीएमपर्यंत टिकतो, त्याचे होतात साधारण १७८ पीएस. तोच २५०, एक न्यूटन-मीटरही न वाढवता, ५५०० पर्यंत टिकवला तर १९६ पीएस होतात. या इंजिनाचा टर्बो लहान आहे, वर त्याचा दम सुटतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी मिळतील. तरी दिशा ही आहे. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या दोन गिअरना २५० ची मर्यादा, वरच्या गिअरना २७० पर्यंत, आणि तेही २५०० आरपीएमच्या पुढे हळूहळू चढत जाणारं, असा मॅप मागितला असता. खाली सीटला चिकटवणारा तो धक्का जाईल, पण गाडी वर मोकळी पळेल.

दुसरं एक ट्यूनरला स्पष्ट विचारा: इंजिनाचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला खरा टॉर्क कळवतोय का? क्लच किती जोराने दाबायचा हे बॉक्स त्या आकड्यावरून ठरवतो. काही मॅपमध्ये, बॉक्सने अडवू नये म्हणून, आकडा कमी सांगितला जातो. मग क्लच २५० च्या हिशोबाने दाबला जातो आणि येतात ३२०. तो किंचित किंचित घसरत राहतो, चालवणाऱ्याला काही कळत नाही, आणि क्लच प्लेट मात्र जळत जाते. यावर ट्यूनर गोलमोल बोलला तर मी त्याच्याकडे पुढचं काम देणार नाही.

तुमच्या थरथरीबद्दल. या बॉक्समध्ये एक क्लच १, ३, ५, ७ सांभाळतो आणि दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. थरथर दुसऱ्या गिअरला आहे म्हणजे संशय दुसऱ्या क्लचवर. आता मला हे सांगा: तुमच्या इमारतीचा पार्किंगचा रॅम्प रिव्हर्समध्ये चढावा लागतो का? तसं असेल तर रोज थंड गाडी उलटी चढवताना तोच क्लच घासला जातोय, आणि मग दोष फक्त रीमॅपचा म्हणता येणार नाही. व्हीसीडीएस किंवा तसं स्कॅनर असलेल्या माणसाकडून दोन्ही क्लचच्या अ‍ॅडाप्टेशनचे (क्लच झिजेल तसं बॉक्स स्वतःला जुळवून घेतो त्याचे) आकडे, तापमानाच्या नोंदी आणि प्लेटची उरलेली झीज वाचून घ्या. कधी कधी नुसतं बेसिक सेटिंग, म्हणजे स्कॅनरने बॉक्सला क्लचची जुळणी नव्याने करायला लावणं, पुन्हा केल्यावर थरथर जाते. तसं झालं आणि हजारभर किलोमीटर परत आली नाही, तर तुमचं नशीब चांगलं. परत आली तर क्लच पॅक संपत आलाय. आणि पाचव्या-सहाव्यात पाय दाबल्यावर आरपीएमचा काटा वर जातो पण वेग त्या मानाने वाढत नाही असं दिसलं, तर गाडी लगेच स्टॉक मॅपवर न्या, क्लच बदलून होईपर्यंत.

तेलाबाबत थोडक्यात. डीक्यू२०० चं गिअर ऑइल बदलावं लागत नाही असं सांगितलं जातं. तरीही हे तेल दुर्लक्ष करण्यासारखं नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून याच बॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घातलं होतं, आणि कारण दिलं होतं ते उष्ण-दमट हवा आणि सतत थांबत-चालत होणाऱ्या प्रवासाचं. म्हणजे आपल्याकडचं रोजचंच. दोन लिटरच्या आसपास तेल लागतं, रीमॅप केलेल्या गाडीत मी ते ६०,००० ला बदलतो. तुमचं झालं नसेल तर करून घ्या, फक्त योग्य ग्रेडचं.

वेट क्लचवाल्या गाड्यांचं गणित बरंच सैल असतं. २०१७ च्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये ३५० न्यूटन-मीटर आणि सहा गिअरचा डीक्यू२५० आहे, तिथे स्टेज वन हा चिंतेचा विषय नाही. पण तेल आणि फिल्टर ६०,००० ऐवजी ४०,००० ला बदलावा आणि गिअरबॉक्सचा मॅपही बरोबरीने करून घ्यावा. पोलो जीटी टीएसआयमध्ये बॉक्स तुमचाच, डीक्यू२००, पण मूळ टॉर्क १७५, त्यामुळे जपून केलेला स्टेज वन २५० च्या आत बसतो. उष्णतेबद्दल वर लिहिलेलं सगळं मात्र त्या गाडीलाही लागू. मॅन्युअलवाल्यांनी दोन गोष्टी टाळाव्यात: क्लच झटक्यात सोडणं, आणि चालवताना हात गिअर लिव्हरवर टेकवून ठेवणं. हाताच्या त्या वजनाने आतला गिअर सरकवणारा फोर्क फिरत्या स्लीव्हवर (गिअर जोडणाऱ्या कड्यावर) दाबला जातो आणि दोन्ही झिजतात.

तुमच्यापुरता क्रम असा ठेवा. या आठवड्यात स्कॅन. तोवर डाउनपाइपची ऑर्डर देऊ नका. आकडे ठीक आले तर बेसिक सेटिंग आणि तेल, मग ट्यूनरकडे नवा मॅप. आकडे वाईट आले तर आधी क्लच पॅक, आणि त्याच वेळी बॉक्स उतरवलेला असताना फ्लायव्हील हाताने फिरवून किती ढिलं झालंय ते बघायला सांगा, पुन्हा उतरवायची मजुरी वाचेल. ३५० न्यूटन-मीटरची हौस खरीच असेल तर ती या गाडीवर काढू नका, जुनी आरएस शोधा. स्कॅनचे आकडे आणि रॅम्पचं उत्तर कळवा, त्यावरून क्लच अजून किती चालेल याचा अंदाज मी देऊ शकेन.